तक्रार न करणारा डोळा

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी घारेच्या हातात चार बाटल्या होत्या. इंजेक्शनच्या, करंगळीएवढ्या, रबराचं बूच आणि वर ॲल्युमिनियमची टोपी असलेल्या. तिनं त्या मानेला धरून पालथ्या केल्या, हलकेच गोल फिरवल्या आणि पुन्हा सरळ करून दिव्याखाली धरल्या. समोर एक खोका होता, आतून अर्धा काळा, अर्धा पांढरा. काळ्यासमोर धरलं की औषधात तरंगणारा पांढरा तंतू किंवा काचेचा कण दिसतो, पांढऱ्यासमोर धरलं की काळा कण. पाचपर्यंत मोजायचं काळ्यासमोर, पाचपर्यंत पांढऱ्यासमोर. एवढ्या वेळात पापणी हलवू नये असं नियमात कुठंच लिहिलेलं नव्हतं. पण पापणी मिटली तेवढ्यात कण तळाशी गेला तर गेला. म्हणून त्या खोलीतल्या सगळ्याजणी न मिटता बघायला शिकल्या होत्या. त्यात ही सगळ्यांत तरबेज, म्हणून नाव पडलं घार. हजेरीच्या वेळी खरं नाव पुकारलं की तिला स्वतःलाच क्षणभर वाटायचं, ही कोण.

तिसऱ्या बाटलीत तंतू दिसला. बारीक, वाकडा, वरून खाली उतरणारा. तिनं ती लाल ट्रेमध्ये टाकली. पुढच्या चारमध्ये पुन्हा तसाच तंतू. त्याच जाडीचा, तसाच वाकलेला. तिनं हात रिकामा केला आणि नुसत्या काळ्या भागाकडे बघितलं. तंतू तिथंही होता.

तिनं डोळे मिटले. आत कुणीतरी बारीक वाळू पेरून ठेवल्यासारखं खुपलं, मग जळजळलं, मग पाणी आलं. पुन्हा उघडले तेव्हा तंतू नव्हता. लाल ट्रेमध्ये मात्र बाटल्या होत्या, आणि त्यातल्या किती खरोखर खराब होत्या हे तिला सांगता आलं नसतं.

"काय गं, आज फार टाकतेयस," शेजारच्या खोक्यासमोरून मावशी म्हणाली. तिनं मान वळवली नव्हती.

"दिसतंय म्हणून टाकते."

"सगळ्यांत दिसायला लागलं तर अख्खी कंपनीच टाकून दे त्या ट्रेत. सुटलो."

मावशी ही कुणाचीच मावशी नव्हती आणि सगळ्यांची होती. पंचावन्नची, नवरा केव्हाच गेलेला, मुलगा परगावी. सायकलच्या दुकानावरच्या एका खोलीत एकटी राहायची. साखरेच्या आजारावरच्या गोळ्या खायची, म्हणजे आठवण झाली तर. तिनं कधी कशाची तक्रार केलेली कुणी ऐकली नव्हती. एकदा चपलेचा तळ फोडून चूक, बारीक खिळा, तिच्या टाचेत शिरली आणि ती दिवसभर तशीच वावरली. संध्याकाळी पाय धुताना पाणी लाल झालं तेव्हा कळलं. ही गोष्ट ती स्वतःच रंगवून सांगायची. "आमचं कातडं बैलाचं," असं म्हणायची आणि ऐकणाऱ्या हसायच्या.

घारेला मात्र हल्ली हसू येत नव्हतं. कित्येक महिने डोळे जळत होते. सकाळी उठल्यावर पापण्या चिकटल्यासारख्या वाटायच्या. खोलीच्या छतातून थंड कोरडी हवा सोडलेली असायची, ती थेट बुबुळावर येतेय असं वाटायचं. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे टोचायचे. दिव्यांकडे बघायचं ती टाळायची, आणि त्याचं कारण टोचणं एवढंच नव्हतं.

तिच्या आईनं असंच सांगायला सुरुवात केली होती. डोळ्यात काहीतरी गेलंय, ठणकतंय, दिव्याभोवती गोल कडं दिसतंय. घरचे म्हणाले पाणी मार, गार पट्टी ठेव, फार विचार करू नकोस. नंतर डॉक्टर म्हणाले काचबिंदू, एक डोळा गेलाय, दुसरा वाचवायचा प्रयत्न करू. तोही वाचला नाही. आईची शेवटची वर्षं खिडकीपाशी गेली. खिडकीतून तिला काहीच दिसत नव्हतं, पण तिथून हलायला ती तयार नसायची. आणि काचबिंदू घराण्यात उतरतो, हे घारेला त्याच वेळी कुणीतरी सांगून ठेवलं होतं.

नवऱ्याला तिनं यातलं अर्धंच सांगितलं होतं. तो पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. कुठलंही यंत्र उघडून बघितल्याशिवाय त्याबद्दल बोलायचं नाही, हा त्याचा बाणा. "इतकी वर्षं डोळ्यात तेल घालून काम केलंस," तो म्हणाला, "आता थेंब घालून कर. दाखव तरी एकदा."

"दाखवते."

ती दाखवत नव्हती. दाखवलं की ते नाव ऐकावं लागलं असतं.

मग कंपनीनंच नेत्रतपासणी ठेवली. डोळ्यांच्या दवाखान्यातून एक डॉक्टर आल्या, त्यांच्याबरोबर एक मदतनीस मुलगी आणि टेबलावर ठेवायची यंत्रं. कँटीनचे बाक सरकवून जागा केली. आधी एक कागद भरायचा होता. डोळे जळतात का, खुपतात का, उजेड सहन होतो का. कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, सतत. मदतनीस मुलगी म्हणाली, रिपोर्ट ज्याचा त्याला मिळेल, ऑफिसात जाणार नाही. तरी अर्ध्याजणींनी डोळे झाकून "कधीच नाही"वर खुणा केल्या. डोळे अधू ठरले की पॅकिंगला बदली, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि पॅकिंगला दिवसभर उभं राहावं लागायचं.

घारेनं खरं लिहिलं. ओळीनं सगळीकडे "सतत". मावशीनं ओळीनं "कधीच नाही" लिहिलं, आणि तेही खोटं नव्हतं.

मग खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून डोळे मिटून बसायचं. पट्टी किती ओली होते त्यावरून पाणी मोजायचं. मग पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघायचं. जिथं डोळ्याचा वरचा थर सोललेला असतो तिथं रंग धरून बसतो. मावशीचा नंबर घारेच्या आधी होता. पण ऐन वेळी मावशी बाथरूमला गेली आणि मुलीनं घारेला आधी आत घेतलं. पट्टी लावताच घारेच्या डोळ्यातून घळाघळा पाणी आलं. यंत्रावर हनुवटी टेकवली तेव्हा तिच्या डोक्यात एकच होतं, आता डॉक्टर थांबतील, पुन्हा बघतील, आणि आवाज बदलून विचारतील, घरात कुणाला काही होतं का?

डॉक्टर काहीच बोलल्या नाहीत. पुढची आत आली.

आठवड्याच्या शेवटी पाकिटं आली. कपडे बदलायच्या खोलीत, लोखंडी कपाटांच्या मधल्या फटीत उभं राहून दोघींनी ती उघडली. घारेच्या कागदावर लिहिलं होतं: पाणी पुरेसं, पृष्ठभाग स्वच्छ, विशेष दोष नाही, त्रास राहिल्यास भेटावं. मावशीच्या पाकिटाबरोबर एक पिशवी होती. दोन प्रकारचे थेंब, एक मलम. कागदावर लिहिलं होतं: तीव्र कोरडेपणा, दोन्ही बुबुळांवर रंगाचे दाट ठिपके, डावीकडे जास्त, तीन दिवसांत दवाखान्यात या.

घारेनं आधी स्वतःचा वाचला. मग मावशीचा. मग पुन्हा स्वतःचा.

"विशेष दोष नाही," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. हातात स्वच्छ रिपोर्ट होता आणि डोळे जळत होते. म्हणजे एक तर तिचं डोकं फिरलं होतं, नाहीतर जे होतं ते या यंत्राला दिसण्यापलीकडे, आत खोल होतं. आईचंही आतच होतं.

मावशीनं स्वतःचा कागद हातभर लांब धरून वाचला आणि खो खो हसली. "तीव्र कोरडेपणा म्हणे. मला. अगं, मी कांदा चिरला तरी रडत नाही."

तेव्हा घारेच्या मनात ते आलं. "मावशी, तुझा नंबर माझ्या आधी होता ना?"

"होता."

"आणि तू बाथरूमला गेलीस."

मावशी बघत राहिली. पुढचं दोघींना बोलावं लागलं नाही. मागच्याच महिन्यात असं झालं होतं. लाइनवरून दोन ट्रे आले, त्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या गेल्या होत्या. तपासलेल्या ट्रेला न तपासल्याची चिठ्ठी, न तपासलेल्याला तपासल्याची. घारेनंच ते पकडलं होतं, बाटल्या बघून. सुपरवायझरनं सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, चिठ्ठीवर जाऊ नका, बाटली बघा. तेव्हापासून त्या खोलीत म्हणच झाली होती: चिठ्ठी खोटी, बाटली खरी.

"जळतंय कुणाला?" घार म्हणाली.

"तुला."

"तुला काही होतंय?"

"मला काय होणार."

"मग झालं तर."

तिनं मावशीच्या हातातली पिशवी घेतली आणि स्वतःचा कागद तिला दिला. मावशीनं तो घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवला, खुशीत. त्या दिवशी संध्याकाळी घार कित्येक दिवसांनी नीट जेवली. तिला आजार होता, त्याला नाव होतं, ते नाव काचबिंदू नव्हतं, आणि औषध तिच्या पिशवीत होतं. थेंब घालताना नवऱ्यानं बाटलीवरचं नाव वाचलं. "हे तर मावशींचं."

"चिठ्ठी बदललीय."

"विचारलंस कुणाला?"

"विचारायचं काय त्यात?"

त्यानं बाटली तिच्या हातात परत दिली. उघडून न बघितलेल्या यंत्राबद्दल तो बोलत नसे.

तीन दिवसांत दवाखान्यात जायचं होतं. घार गेली नाही. पहिल्या दिवशी पाळी बदलून मिळाली नाही, हे कारण खरं होतं. दुसऱ्या दिवशीचं तितकंसं खरं नव्हतं. तिसऱ्या दिवसापर्यंत तिला कळून चुकलं होतं की थेंबांनी काही होत नाहीये. घातल्यावर घटकाभर गार वाटायचं, मग पुन्हा वाळू. तीव्र कोरडेपणावरचं औषध, आणि त्यानंही उतार नाही. मग हे कोरडेपण नव्हेच. स्वयंपाकघरातल्या दिव्याकडे तिनं एकदा मुद्दाम बघितलं, कडं दिसतं का ते. डोळ्यात पाणी होतं, त्यामुळे दिव्याभोवती काहीतरी दिसलंच. पुन्हा बघायचं धाडस तिला झालं नाही. कामावर ती आता बाटली दोनदा धरायची, तीनदा धरायची. लाल ट्रे भरत होता, आणि सुपरवायझर, तिच्यापेक्षा लहान, मनानं बरा मुलगा, दोनदा येऊन नुसता बघून गेला.

मावशीच्याही खोक्यापाशी तो एकदा थांबला, पण वेगळ्या कारणानं. रोज प्रत्येकीच्या ट्रेमध्ये तो एखादी मुद्दाम खराब केलेली बाटली मिसळायचा. बायका तिला पाहुणी म्हणायच्या. पाहुणी ओळखून बाजूला काढली की डोळे शाबूत. त्या दिवशी मावशीची पाहुणी चांगल्या ट्रेमध्ये निघाली.

"मावशी, हे काय?"

"पाहुणीच ना? घरातच ठेवून घेतली," मावशी म्हणाली, आणि तोही हसला. मावशीला सगळं माफ असायचं.

पिशवी बदलल्याला आठवडा उलटून गेला. तासाभराच्या कामानंतर दहा मिनिटं डोळे मिटून बसायची सुट्टी असे. ती संपता संपता घार मावशीला काहीतरी विचारायला वळली. काय विचारायचं होतं ते तिला पुढं कधीच आठवलं नाही. मावशी सुट्टी न घेता बसली होती. चेहरा दिव्याकडे, हातात बाटल्या. खोक्यातल्या दिव्याची नळी बाजूनं तिच्या डोळ्यांत चमकत होती. उजव्या डोळ्यात ती चमक सरळ होती, रेघ ओढावी तशी. डाव्या डोळ्यात ती मध्येच मोडली होती.

आणि त्या मोडल्या जागी एक तंतू होता.

घारेला आधी वाटलं, हा तिचाच. तिनं डोळे मिटले, पुसले, पुन्हा बघितलं. तंतू तिथंच होता. डोक्यावरच्या कागदी टोपीच्या कडेचा सुटलेला पांढरा धागा, मावशीच्या डाव्या बुबुळावर आडवा पडलेला. मावशीनं पापणी मिटली. धागा जरा फिरला, बाटलीतला फिरतो तसा, आणि पुन्हा बुबुळावर येऊन थांबला. मावशी बाटल्या बघत होती. पाचपर्यंत काळ्यासमोर, पाचपर्यंत पांढऱ्यासमोर.

"मावशी, डोळ्यात काही गेलंय का?"

"कुणाच्या?"

"तुझ्या. डाव्या."

"छे. का गं?"

आपल्या डोळ्यात धूळ नसताना आपण तळमळतोय, आणि हिच्या उघड्या बुबुळावर धागा पडलाय तरी हिला पत्ता नाही. तिला टाचेतली चूक आठवली. ती गोष्ट इतक्या वेळा ऐकली होती, इतक्या वेळा हसून सोडली होती. ते बैलाचं कातडं नव्हतं. टाचेला कळलंच नव्हतं. आणि त्या धाग्याखाली बुबुळावर, डाळीएवढ्या जागेत, काच घासल्यासारखं धुरकट काहीतरी होतं. बाटलीच्या काचेवर असा डाग असता तर तिनं दुसऱ्यांदा न बघता ती बाटली टाकली असती.

चिठ्ठी खोटी, बाटली खरी. आठवडाभर बाटली तिच्या शेजारी बसली होती. तिनं ती बघितलीच नव्हती.

"हात खाली ठेव," ती म्हणाली. "डोळा चोळू नकोस. ऊठ."

"अगं, ट्रे अर्धा..."

"ऊठ म्हणते ना."

सुपरवायझर दारातच भेटला. "ताई, कुठं निघालात?"

"मावशीला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचंय. आत्ता."

"का? ती तर काहीच बोलली नाही."

"तेच तर झालंय," घार म्हणाली.

बसमध्ये मावशी खिडकीपाशी बसली आणि बाहेर बघत राहिली. घारेला ते बघवेना. दोन थांबे गेल्यावर मावशी हळूच म्हणाली, "थोडं धुरकट दिसतंय हल्ली. डाव्यानं. वाटलं, चष्मा लावायला झालाय."

"बोलली का नाहीस?"

"दुखत नव्हतं की. दुखत नाही त्याचं काय बोलायचं?" मग जरा वेळानं, "आणि तुझा कागद होता ना माझ्याकडे. विशेष दोष नाही."

घार बाटल्या मोजायच्या सवयीनं रस्त्यावरचे खांब मोजत होती आणि आकडा सारखा चुकत होता.

दवाखान्यात त्याच डॉक्टर होत्या. दारातल्या माणसाशी घार एवढं कडक बोलली की त्यानं रांगेतून आधी सोडलं. डॉक्टरांनी मावशीची हनुवटी यंत्रावर टेकवली, बघितलं, आणि या वेळी त्या थांबल्या. पुन्हा बघितलं. आवाज बदलला. घार ज्याची भीती बाळगून होती ते सगळं तसंच झालं, फक्त खुर्चीत दुसरी होती.

"मी तीन दिवसांत बोलावलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "थेंब घातले का?"

मावशीनं घारेकडे बघितलं.

"मी घातले," घार म्हणाली. "माझ्या डोळ्यांत. आम्हाला वाटलं, कागद बदललेत. जळत मला होतं, ही तर ठणठणीत. हिचा नंबर आधी होता आणि मी आधी आत गेले, म्हणून..."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे घारेला जास्त भीती वाटली. त्यांनी कापसाचा एक तंतू ओढून त्याला टोक काढलं. "समोर बघा," त्या मावशीला म्हणाल्या आणि ते टोक बाजूनं नेऊन डाव्या बुबुळाला लावलं. मावशी समोर बघत होती. पापणी हलली नाही. "लावलं की सांगा," डॉक्टर म्हणाल्या.

"लावा की," मावशी म्हणाली. "मी तयार आहे."

डॉक्टरांनी हात मागं घेतला. मग नवा कापूस घेऊन घारेला खुर्चीत बसवलं. टोक बुबुळाला लागायच्या आधीच घार जागेवरून उडाली, आणि कितीतरी वेळ तिचा डोळा उघडेना.

"कागद बदलले नव्हते," डॉक्टर म्हणाल्या. "मुलगीही चुकली नव्हती. तुमचा कागद तुमचाच होता आणि यांचा यांचाच."

"मग जळतंय ते खोटं?" घारेनं विचारलं.

"खोटं कसं असेल? तुम्हाला जळतंय म्हणजे जळतंयच. माझ्या पट्टीला आणि रंगाला ते दिसत नाही, एवढंच. पट्टी पाणी मोजते, रंग जखम दाखवतो. दुखणं मोजणारी पट्टी माझ्याकडे नाही." त्या मावशीकडे वळल्या. "आणि यांच्याकडे जखम आहे, पण ती सांगणारं कुणी उरलेलं नाही. साखरेनं नसा बधिर झाल्यात. डोळ्याला कोरडं पडल्याचं कळलं की तो पापणी मिटतो, पाणी आणतो. कळलंच नाही तर तो उघडाच राहतो, आणि आणखी वाळतो. लोकांना वाटतं, जास्त ओरडतो त्याचा डोळा जास्त खराब. माझ्याकडे निम्म्या वेळा तसं नसतं."

"जाईल का?" मावशीनं विचारलं. कित्येक वर्षांत ती पहिल्यांदा स्वतःबद्दल काही विचारत होती. "डोळा."

डॉक्टरांनी पेन उचललं. "व्रण व्हायला लागलाय. वाचवायचा प्रयत्न करू. आठ दिवसांपूर्वी मी वाचेलच म्हणाले असते. डाग राहील, कुठं आणि केवढा ते आत्ता सांगत नाही."

वाचवायचा प्रयत्न करू, हे वाक्य घारेच्या कानात शब्दशः राहिलं. तिच्या आईच्या वेळचं वाक्यही असंच होतं.

"तुमच्या घरात कुणाला काचबिंदू?" डॉक्टर तिला विचारत होत्या.

"आईला."

"तुम्ही घातलेत त्यातले एक थेंब सूज उतरवणारे होते. काही लोकांमध्ये त्यांनी डोळ्याचा दाब वाढतो. काचबिंदूच्या घरातल्या माणसानं ते विचारल्याशिवाय घालायचे नसतात." त्यांनी घारेच्या डोळ्यांचा दाब मोजला, एकदा, पुन्हा एकदा. "वरच्या कडेला आहे. थेंब आजपासून बंद. बहुतेक उतरेल. पुढच्या आठवड्यात परत मोजू."

"बहुतेक?"

"बहुतेक. आतली नस आज चांगली दिसतेय. पण तुम्ही आता दर सहा महिन्यांनी यायचं. न चुकता." मग जरा मवाळ होऊन, "तुमच्या जळण्यावर वेगळा उपाय आहे. हळू चालतो. पहिली गोष्ट, पापणी मिटत जा. पूर्ण, वर-खाली टेकेपर्यंत. मी इतका वेळ बघतेय, तुम्ही दोघीही मिटत नाही."

दोघींनी एकदम डोळे मिटले. मावशीला हसू आलं. घारेला नाही.

मावशीला नवे थेंब मिळाले. जागेपणी दर तासाला एक, व्रण भरेपर्यंत. कामावर जायचं नाही. डोळ्यावर प्लास्टिकची जाळीदार वाटी चिकटवलेली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिनं घारेचा दंड धरला, आणि ती पकड सवयीची नव्हती.

"तू रडू नकोस," मावशी म्हणाली. "तुझ्या डोळ्यात पाणी पुरेसं आहे, लिहिलंय कागदावर."

"मी घेतली पिशवी."

"मी दिली की. हसत दिली." ती दोन पायऱ्या उतरली. "घारे, खरं सांगू? ती पाहुणी मला दिसलीच नव्हती. मी हसण्यावारी नेलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं असेलही."

खोलीवर पोचल्यावर पहिला थेंब मावशीनं स्वतः घालायचा प्रयत्न केला. मान मागं टाकली, बाटली दाबली, आणि विचारलं, "गेला का?"

थेंब कानाकडे ओघळत होता. दुसरा भुवईत पडला. तिसरा डोळ्यात गेला, आणि तिला तोच कळला नाही.

"सोपं आहे," मावशी म्हणाली. "ओलं लागलं तर वाया गेला. काहीच लागलं नाही तर गेला." मग तिनं बाटली खाली ठेवली. हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली. खालच्या दुकानात कुणीतरी चाकात हवा भरत होतं. घार तिच्यासमोर उभी होती आणि डोळे मिटत होती, पूर्ण, वर-खाली टेकेपर्यंत. प्रत्येक वेळी खुपत होतं. प्रत्येक वेळी उघडताना तिला वाटत होतं, आता काय दिसेल.

दिवसाचे थेंब घालायला खालच्या दुकानदाराची बायको तयार झाली. ती दुकान उघडायला सातनंतर येते, त्यामुळे सकाळचा पहिला थेंब उरला. मावशी सहाला उठते. पहिली पाळी सातला सुरू होते, आणि मावशीच्या खोलीपासून कंपनीच्या दारापर्यंत चालत वीस मिनिटं लागतात. उद्या सकाळी सहा वाजता घार त्या खोलीत असेल; किल्ली तिच्या पर्समध्ये आहे.